वाळवलेला सोडा

माझ्या उजव्या हाताला वजन आहे. हे मला आधी वडिलांनी सांगितलं आणि मग माझ्या विद्यार्थ्यांच्या गालांनी.

वडील कन्नडच्या तहसील कचेरीत कारकून होते आणि आम्ही देवगाव रंगारीला राहायचो. घरात मारायचा एकच नियम होता. चुकलं तर माफ, खोटं बोललं तर मार. बरणी फुटली, गणितात नापास झालात, दप्तर हरवलं, तर नुसती नजर. पण खोटं सापडलं की ते जेवत असले तरी ताटावरून उठायचे. मी नऊ वर्षांची असताना दूध प्याले असं सांगून ते मोरीत ओतलं होतं. मोरीच्या कडेला पांढरा ओघळ राहिला. त्यांनी मला दंडाला धरून मोरीपर्यंत फरफटत नेलं आणि अशी एक ठेवून दिली की माझं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. डाव्या भुवईत अजून खाच आहे, तिथं केस उगवत नाहीत. हळदही त्यांनीच दाबली. रक्त थांबेपर्यंत ते माझ्याशी नेहमीच्या आवाजात पाढ्यांबद्दल बोलत होते. मला त्या माराचा राग आला नाही. मला तो न्याय वाटला, आणि पुढं हातात अधिकार आल्यावर मी तोच न्याय चालवला.

पुढं शहरात, जालना रोडच्या आतल्या बाजूला, एका कनिष्ठ महाविद्यालयात मी पंचवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. पोरं पाठीमागं मला ‘तेजाब’ म्हणायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. तास चालू असताना फोन बघणाऱ्या एकाचा फोन मी लॅबच्या कडाप्प्यावर आपटून त्याचे तीन तुकडे केले होते. डस्टर तर मी इतक्या नेमानं फेकायचे की मागच्या बाकावरची पोरं वहीऐवजी माझ्या खांद्याकडं बघत बसायची. घरी एकदा भांडणात नवऱ्याच्या दिशेनं बत्ता फेकला, तो फ्रिजला लागला. तो खड्डा सामान हलवताना पडला असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. मुलांना मारायला कायद्यानं बंदी आहे हे मला ठाऊक होतं. ती नोटीस शिक्षकांच्या खोलीत माझ्याच टेबलाच्या वर चिकटवलेली होती, आणि मी तिच्याखाली बसून डबा खायचे.

अकरावीला द्यायचा माझा आवडता प्रयोग म्हणजे क्षार पाण्यात विरघळताना होणारा उष्णतेचा बदल मोजणं. दिसायला साधा आहे. प्लॅस्टिकच्या जाड बाटलीत शंभर मिलिलिटर पाणी घ्यायचं, थर्मामीटर बुडवून तापमान लिहायचं, क्षाराची दहा ग्रॅमची पुडी ओतायची, काचकांडीनं ढवळत राहायचं आणि पारा जिथं थांबेल ते लिहायचं. दोन आकड्यांतल्या फरकावरून उष्णता किती आली किंवा गेली ते काढायचं. लोकांना विरघळणं म्हणजे काहीतरी शांत, मायाळू वाटतं. तसं काही नसतं. पाणी त्या क्षाराचा कण न् कण ओढून, तोडून वेगळा करतं. तोडायला उष्णता लागते. तुटलेल्या कणांना पाणी घेरून धरतं तेव्हा उष्णता निघते. तोडायला जास्त लागली तर पाणी गार पडतं, धरताना जास्त निघाली तर तापतं. हे मी वर्गात टेबलावर मुठी आपटून शिकवायचे, आणि पोरं घाबरून का होईना, विसरायची नाहीत.

पण आमच्याकडं हा प्रयोग न करताच लिहायची रीत पडली होती. मागच्या वर्षीच्या पोरांची जर्नलं पुढच्यांकडं यायची, त्यांच्याकडं त्याआधीच्यांची आलेली असायची. शेवटचं उत्तर सगळ्यांना पाठ. मग उत्तर आधी लिहायचं, त्यावरून तापमानातला फरक काढायचा आणि त्यावरून दोन रीडिंग बसवायची. थर्मामीटर तोवर डब्यात झोपलेला. अशी जर्नलं मी दरवर्षी पकडायचे, फाडायचे आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडून द्यायचे. एका वर्षी एकाच्या डोक्यात जर्नल घातलं तर त्याची पिन कपाळात रुतली. तो रडला नाही म्हणून मला त्याचं कौतुक वाटलं होतं. आता लिहिताना ते कौतुक आठवून अंगावर काटा येतो.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी, फार जुनी नाही, मी मार्चमध्येच वर्गात सांगून टाकलं होतं. वार्षिक प्रॅक्टिकलला प्रत्येक रीडिंग मी स्वतः तपासणार, आणि एक जरी खोटं सापडलं तर हात उचलणार. घरी जाऊन काय सांगायचं ते सांगा.

स्टोअरमध्ये तेव्हा धुण्याचा सोडाच भरपूर होता. त्याचे खडीसाखरेसारखे खडे असतात आणि त्या खड्यांत पाणी आधीच कोंडलेलं असतं, निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच. असा खडा पाण्यात विरघळला की पाणी चांगलं पाच अंश गार होतं. हे पुस्तकात आहे, सगळ्या जर्नलांत आहे आणि मी वर्षभर फळ्यावर लिहिलेलं आहे. परीक्षेच्या आठवडाभर आधी मी बरणी उघडली तर खडे घामेजलेले, एकमेकांना चिकटलेले. एप्रिलचं ऊन होतं, लॅबच्या भिंतीसुद्धा हाताला चटके देत होत्या. असल्या चिकट सोड्याच्या पुड्या कशा बांधणार? आमच्या लॅबमध्ये सामान मांडणारे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळं कॉलेज चाचा म्हणायचं, मीसुद्धा. मी त्यांना म्हणाले, ‘‘चाचा, हा सगळा ओला झालाय. गच्चीवर कागदावर पसरा, खडखडीत वाळू द्या आणि मग कुटून पुड्या करा.’’

घरी माझ्या गच्चीवर त्याच दिवशी कुरडया वाळत पडल्या होत्या. त्या वाळत घालायला सांगितल्या त्याच तोंडानं मी हे सांगितलं.

चार दिवसांनी चाचा थाळी घेऊन आले. थाळीत पांढरं पीठ होतं. ‘‘मॅडम, किलो का सोडा था, आधा बी नै रहा,’’ ते म्हणाले. ‘‘पूरा आटा हो गया. कुछ गडबड दिखरी.’’

‘‘उरलेला कुठं गेला? घरी धुण्याला नेलात का?’’

हे मी तीन मुलींसमोर बोलले. चाचांनी माझ्याकडं बघितलं, खाली बघितलं आणि ‘‘अल्ला से डरो मॅडम,’’ एवढंच म्हणून काटा पुढं ओढून दहा-दहा ग्रॅमच्या पुड्या बांधायला बसले. मी त्यांना वर सुनावलं की पुड्या तुम्ही बांधा, केमिस्ट्री माझी मी बघते.

परीक्षेला चोवीस जणांची बॅच होती. पंखे होते, पण ते गरम हवाच इकडून तिकडं करत होते. नळाचं पाणीच बत्तीस अंशांवर होतं. मी दारात खुर्ची टाकून बसले होते. मग उठले, हात पाठीमागं बांधून सगळ्यांभोवती दोन चकरा मारल्या आणि मग पेपर बघत बत्तीसवरून सत्तावीस, बत्तीसवरून सत्तावीस असं वाचत निघाले. तेवीस पेपरांत पाच अंश उतरलेले. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं आरडाओरडा केला त्याचं काहीतरी झालं म्हणायचं, असं मनाशी म्हणाले. तेवीस पोरांना अगदी एकसारखं रीडिंग कसं येईल, हा प्रश्न शेंबड्या पोराला पडला असता. मला पडला नाही.

चोविसावा पेपर चिकलठाण्याहून येणाऱ्या एका मुलीचा होता. बुटकी, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, ॲप्रनच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. वर्षभरात ती माझ्याशी दहा वाक्यंही बोलली नसेल. तिच्या पेपरावर लिहिलं होतं : आधी बत्तीस, नंतर चौतीस.

‘‘हे काय आहे?’’

‘‘रीडिंग, मॅडम.’’

‘‘सोडा टाकल्यावर पाणी गरम झालं?’’

‘‘व्हय मॅडम. दोन अंश चढलं.’’

‘‘वर्षभर काय शिकवलं मी? हा सोडा पाणी गार करतो की गरम?’’

‘‘गार, मॅडम. पण हे चढलं. मी दोनदा बघितलं.’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तर राहू दे, हिला चढ-उताराची दिशासुद्धा धड चोरता आली नव्हती आणि वर मलाच तोंडावर सांगत होती. मी तिच्या कानशिलात लगावली. ती कडाप्प्यावर आदळली, तिची बाटली आडवी झाली आणि द्रावण पेपराखाली शिरलं.

‘‘आता सांग. किती?’’

‘‘दोन चढलं.’’

दुसरी मी सगळा जीव लावून मारली. तळहात पूर्ण डाव्या कानावर बसला. काहीतरी फुटल्यासारखा बारीक आवाज मला हाताला कळला, कानाला नाही. ती खाली बसली. मी तिला वेणीला धरून उभं केलं.

‘‘किती?’’

तिला बोलता येत नव्हतं. ओठ हलत होते, पण आवाज निघत नव्हता. तिनं एका हातानं कान दाबून धरला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केली.

मी तिचा पेपर टराटरा फाडला. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा चाचा मध्ये आले. ‘‘बस करो मॅडम. बच्ची है,’’ ते म्हणाले. मी त्यांनाही बाहेर व्हायला सांगितलं. ते गेले नाहीत, तिच्या पुढ्यात उभे राहिले आणि मग तिला दारापर्यंत घेऊन गेले. बाकीच्या तेवीस जणांनी माना खाली घातल्या होत्या. कुणाच्यातरी बाटलीत काचकांडी अजून फिरत होती, तेवढा टिणटिण आवाज येत होता. मी घरी गेले आणि पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि चाचा लॅबमध्ये होतो. चाचा बाटल्या विसळत होते. एक बाई आत आली. अंगावर कंपनीचा निळा कोट, गळ्यात ओळखपत्र, पायांत सॅंडल. पाळी सुटली तशी थेट आली असावी.

‘‘तेजाब मॅडम कोन?’’

माझं खरं नाव तिला माहीत नव्हतं. घरी लेकीच्या तोंडून तेवढंच ऐकलेलं.

‘‘मीच,’’ मी म्हणाले.

तिनं पिशवी खाली ठेवली आणि माझ्या मुस्काटात मारली. रोज खोकी उचलणाऱ्या हाताची चपराक काय असते ते मला कळलं. चष्मा उडाला, तोंडात रक्ताची चव आली. आणि मी काय केलं? मी तिचे केस धरले. दोन वयस्कर बाया, एकीच्या मुठीत दुसरीचे केस, दुसरीची नखं पहिलीच्या मानेत, अशा आम्ही कडाप्प्यावर कोसळलो. परीक्षानळ्यांचा स्टँड खाली आला. मी हात टेकायला गेले तो फुटलेल्या काचेवर टेकला आणि तळवा उभा चिरला. चाचा आम्हाला सोडवायला आले तर माझंच कोपर त्यांच्या ओठावर बसलं. शेवटी त्यांनी आमच्या दोघींच्या मध्ये स्टूल घातलं.

‘‘माह्या लेकीच्या कानाचा पडदा फाटला,’’ ती धापा टाकत म्हणाली. ‘‘डॉक्टर म्हनला, भरला तर भरला. काहून मारलं तिला? काय केलं होतं तिनं?’’

‘‘खोटं लिहिलं!’’ मी ओरडले. ‘‘धडधडीत खोटं, आणि माझ्या तोंडावर!’’

‘‘माही पोरगी खोटं बोलत नाय. मार बसंल म्हनून बी बोलत नाय. मी तिला जलमल्यापासून बघते, तू काय सांगती मला?’’

‘‘थांब. दाखवते तुला तुझ्या पोरीचं खरं.’’

थाळीत दोन पुड्या उरल्या होत्या. मी पदर तळव्याला गुंडाळला, बाटलीत पाणी मोजलं, थर्मामीटर सोडला. बत्तीस. तिला जवळ ओढून मी म्हणाले, ‘‘हा पारा बघ. आता खाली येईल. पाच घरं खाली.’’ पुडी ओतली आणि ढवळायला लागले.

पारा जागचा हलला आणि वर गेला. बत्तीसच्या वर, तेहतीस, जरा थांबला आणि चौतीसला जाऊन टेकला.

मी थर्मामीटर काढला, पुसला, दुसरा घेतला. नवीन पाणी, दुसरी पुडी. बाटलीच्या काठावर रक्ताची बोटं उमटली होती. पुन्हा बत्तीस. पुन्हा चौतीस.

‘‘चढतंय की, बाई,’’ ती म्हणाली. ती ओरडली नाही. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं बघितलेलं सांगितलं.

पुडीच्या कागदाला थोडं पीठ चिकटलं होतं. ते मी बोटांत चोळलं. कोरडं ठणठणीत, पिठीसारखं मऊ. आणि मला गच्ची आठवली, थाळी आठवली, चाचांचं आधा बी नै रहा आठवलं. खड्यांतलं पाणी उन्हानं ओढून नेलं होतं. निम्मं वजन गेलं ते त्या पाण्याचं होतं. उरलेला सोडा तहानलेला. तो पाण्यात पडला की पाणी धरतो आणि उष्णता बाहेर टाकतो. पाणी तापणारच. हे मी स्वतः फळ्यावर शिकवायचे, स्फटिकजलाचा आख्खा तास घ्यायचे. आणि मी तो सोडा कुरडया वाळवतात तसा वाळवला होता, म्हाताऱ्या माणसावर चोरीचा आळ घेतला होता आणि चोवीस जणांत ज्या एकीनं पाऱ्याकडं बघितलं तिचा कान फोडला होता.

मी तिच्या आईला हे सगळं सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, बहुधा वर्गात सांगते तसंच. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, वाकून माझा चष्मा उचलला आणि कडाप्प्यावर ठेवला.

‘‘मी बी हानलं तुमाला,’’ ती म्हणाली. आता ती तुम्ही म्हणत होती. ‘‘आपलं दोघींचं झालं. तिचं र्‍हायलं.’’

तिनं पिशवी उचलली आणि ती गेली.

तळव्याला टाके घालून मी दुपारी वर्गावर गेले. तेवीस पेपर माझ्या हातात होते. हात शिवशिवत होता, पट्टीच्या आतसुद्धा. मी पेपर टेबलावर आपटले आणि विचारलं, ‘‘काल कुणी कुणी थर्मामीटर खरोखर बघितला?’’

मी पुढं सरकले तशी पहिल्या बाकावरची पोरं मागं झुकली. शेवटी एक उंच मुलगी उभी राहिली. ‘‘आम्ही सगळ्यांनीच बघितला, मॅडम. सगळ्यांचंच दोन चढलं होतं.’’

‘‘मग पाच उतरलं असं कसं लिहिलंत?’’

ती टेबलाकडं बघत म्हणाली, ‘‘चढलं लिहिलं असतं तर तुम्ही मारलं असतं.’’

माझा हात वर गेला होता. तो वर गेलाय हे मला तिच्या मिटलेल्या डोळ्यांवरून कळलं. मी तो खाली घेतला, खुर्चीत बसले आणि मला स्वतःची किळस आली. इतकी वर्षं मी खोट्यासाठी मारते म्हणत होते. पोरांना मी शिकवलं काय, तर पारा कुठंही जाऊ दे, बाईंना काय आवडतं ते लिहा. आणि हे मला नवीन नव्हतं. भुवईला खाच पडल्यावर मी दूध प्यायला लागले नव्हते. मी मोरी धुवायला शिकले होते.

चाचांची माफी मागायला मी त्यांच्या स्टुलापाशी गेले. त्यांचा ओठ सुजला होता. ‘‘सोडा घर लेजा के क्या करतूं मैं?’’ ते म्हणाले. ‘‘घर में पावडर है.’’ त्यांनी मला माफ केलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. प्राचार्यांनी माझ्याकडून लेखी माफी घेतली. ती द्यायला सोपी होती, दोन ओळींची. त्या मुलीची आई पोलिसांत गेली नाही. त्या कानाचं पुढं ऑपरेशन झालं आणि तरी तो पूर्ण आला नाही, हे मी इथंच सांगून टाकते. त्यानंतर मी कधीच हात उचलला नाही, असंही लिहायला मला आवडलं असतं. दोनदा उचलला, मारला नाही.

तिसऱ्या दिवशी मी चिकलठाण्याला गेले. विमानतळाच्या भिंतीमागची वस्ती, पत्र्याच्या खोल्या, मध्ये वीतभर गल्ली. मुलगी दारातल्या बाजेवर बसून मेथी निवडत होती. डाव्या कानात कापूस. मला बघून ती उठली आणि तिचे खांदे आपोआप वर गेले. ते खांदे मी अजून विसरले नाही. आई आत चुलीपाशी होती. तिनं मला ये म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही.

मी बाजेवर बसले. जागा तिच्या डाव्या बाजूला होती. फाडलेला पेपर मी चिकटपट्टीनं जोडून, पूर्ण गुण देऊन आणला होता. बत्तीस आणि चौतीस यांच्या मधूनच तो फाटला होता. सबंध रस्ता मी काय बोलायचं ते घोकत आले होते, पण तोंडातून एवढंच आलं आणि तेही हळू, कारण माफीचा आवाज कसा असतो ते मला ठाऊक नव्हतं : ‘‘तुझं रीडिंग खरं होतं. माझं चुकलं.’’

ती मेथी निवडत राहिली. मला वाटलं, ऐकायचंच नाही तिला. बरोबरच आहे. मग तिला माझे ओठ हललेले दिसले असावेत. तिनं उजवा कान माझ्याकडं केला आणि म्हणाली, ‘‘इकडून बोला मॅडम. तिकडून नाय येत.’’

मला पुन्हा बोलावं लागलं, मोठ्यानं. शेजारच्या दोन बाया दारात आल्या. मी त्यांच्यासमोर, वर्गात बोलते त्या आवाजात सांगितलं की हिचं रीडिंग खरं होतं, मी हिला खोटी ठरवून मारलं आणि हिचा कान मी फोडला. एक बाई पटकन आत गेली.

मुलीनं तो जोडलेला पेपर मांडीवर घेतला. गुणांकडं बघितलं नाही. चिकटपट्टीवरून बोट फिरवून आकडे बघितले.

‘‘तुमी करून बघितलं?’’

‘‘दोनदा.’’

‘‘किती चढलं?’’

मी दोन बोटं वर केली.

तिनं मान हलवली. ‘‘मग माझं बी तेवढंच व्हतं,’’ असं म्हणून तिनं पेपराची घडी घातली. तेवढ्यात विमानाची घरघर सुरू झाली. उतरणारी विमानं तिथं पत्र्यांना घासूनच जातात, असं वाटतं. तिची आई बाहेर आली आणि डावीकडं बघायला लागली, मीही डावीकडं बघितलं. विमान तिकडूनच येत होतं, चाकं बाहेर काढलेली स्पष्ट दिसत होती. मुलगी मात्र मान वर करून उजवीकडच्या रिकाम्या आभाळात ते शोधत होती.